विशेषण आणि नाम यांची जोडी : उस्मानियाची परिभाषा आणि मराठवाड्यातील विद्यार्थी

मराठी शाळेतील मुलाला 'विषम' हा शब्द गणिताच्या तासाला भेटतो तो 'विषम संख्या' म्हणून. भूगोलाच्या तासाला तोच शब्द 'विषम हवामान' होऊन येतो आणि अर्थशास्त्रात 'विषम वाटप' होऊन. तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. एकट्या 'विषम'चा अर्थ पाठ करून यांतला एकही नीट हाती लागत नाही, कारण अर्थ विशेषण आणि नाम यांच्या जोडीत असतो. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी विषम संख्येला 'ताक अदद' म्हणतो. त्याच्या 'ताक'चा हवामानाशी काडीचाही संबंध नाही. मराठीत लोकवस्ती दाट असते, उर्दूत आबादी गुंजान असते. 'घट्ट लोकवस्ती' असे लिहिणाऱ्या मुलाला दोन्ही शब्द येत असतात. येत नसते ती जोडी.

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ साली उर्दू माध्यमाने झाली. त्यासाठी लागणारी पुस्तके तयार करण्याकरिता 'दारुत्तर्जुमा' हे भाषांतर खाते १९१७ मध्येच उभे राहिले होते आणि मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्यांच्याचबरोबर औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आले होते आणि १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक तेथूनच निघू लागले. उर्दू परिभाषेच्या इतिहासात औरंगाबादला केवढे स्थान आहे, हे मराठी वाचकाला अनेकदा ठाऊक नसते.

परिभाषा घडवताना मोठा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे होते की संज्ञा अरबीतूनच घ्याव्यात. दुसऱ्या पक्षाचे प्रमुख वहीदुद्दीन सलीम पानिपती. १९२१ च्या 'वज-ए-इस्तिलाहात' या ग्रंथात त्यांनी आग्रह धरला की उर्दू ही आर्यकुलातील भाषा आहे. तेव्हा हिंदी आणि फारसी उपसर्ग-प्रत्यय वापरून व समास करून तिच्याच प्रकृतीने शब्द घडवावेत. विद्वत्तेच्या दृष्टीने हा ग्रंथ आजही वाचनीय आहे. मात्र वादाचा मुख्य रोख शब्द कुठून आणावा यावर होता. वर्गातल्या मुलाची अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होत असे.

ती अडचण रचनेची होती. घरी मूल 'लंबी लकीर' म्हणते, म्हणजे विशेषण आधी आणि नाम मागून. पुस्तकात मात्र 'खत्त-ए-मुस्तकीम' (सरळ रेषा) येते: नाम आधी, विशेषण मागून आणि मध्ये इजाफतीचा 'ए'. 'जाविया' म्हणजे कोन. हा शब्द उर्दूत पुल्लिंगी आहे, म्हणून मूल 'बडा जाविया' म्हणते. पण काटकोन मात्र 'जाविया-ए-कायमा'. अरबीत हे नाम स्त्रीलिंगी असल्याने विशेषणही स्त्रीलिंगी रूपात आले आणि तसेच राहिले. बोलीचे व्याकरण येथे उपयोगी पडत नाही. जोडी अखंड उचलावी लागते. 'अप्रकट उष्मा' या अर्थी 'हरारत-ए-मख्फी' आणि 'मख्फी हरारत' अशी दोन्ही रूपे आढळतात. दुसरे रूप बोलीच्या क्रमाकडे परतलेले आहे, आणि मुलाच्या जिभेला तेच जवळचे वाटावे यात नवल नाही.

मराठी परिभाषेची वाट वेगळी. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची मराठी पुस्तके तयार झाली. पुढे संस्कृत विशेषणांचा आधार वाढत गेला. येथे क्रम बोलीचाच राहिला, पण 'मोठा, मोठी, मोठे' असे रूप बदलण्याची सवय असलेल्या मुलासमोर 'समभुज', 'विषम', 'अप्रकट' अशी न बदलणारी विशेषणे आली. रचना सोपी, शब्द मात्र परके.

शब्दांच्या अशा जोड्या स्वतंत्रपणे गोळा करून शिकवाव्यात, हा विचार इंग्रजीच्या अध्यापनात ठळकपणे पुढे आला तो टोकियोत. हॅरल्ड पामर यांनी तेथील इंग्रजी अध्यापन संशोधन संस्थेतर्फे १९३३ मध्ये इंग्रजी शब्दजोड्यांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोशही १९४२ मध्ये तेथेच निघाला. अभ्यासविषयांच्या भाषेकडे लक्ष वळायला आणखी बराच काळ जावा लागला. २००० मध्ये अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी ५७० शब्दकुळांची शैक्षणिक यादी दिली, पण ती सुट्या शब्दांची होती. शैक्षणिक जोड्यांची २,४६९ नोंदींची यादी अ‍ॅकरमन आणि चेन यांनी २०१३ मध्ये मांडली. तिच्यात विशेषण-नाम जोड्यांचाच भरणा अधिक आहे.

१९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ मध्ये मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्या मराठी भाषकांनी माध्यमिक शाळेत 'खत्त-ए-मुस्तकीम' गिरवले, त्यांच्यातल्याच अनेकांवर पुढे फळ्यावर 'सरळ रेषा' लिहून शिकवण्याची वेळ आली. शब्द बदलले, शिवाय जोडीचा क्रमही उलटला. बालभारतीची उर्दू पाठ्यपुस्तके वाचून दहावी झालेली मुलगी आज अकरावी विज्ञानाला बसते, तेव्हा तिच्यापुढे तिसरी जोडी येते: 'लेटन्ट हीट'. उष्णता दडून कशी राहते हे तिला आधीच कळलेले असते. प्रश्नपत्रिकेत मात्र ती 'हिडन हीट' असे लिहिते, आणि गुण जातात.