अब्बांचा अंगठा आणि चार आकडे

अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते इस्त्रीचा कुर्ता घालून बँकेत जात, स्लिप स्वतः भरत, शिपायाची खुशाली विचारत आणि नोटा दोनदा मोजून घरी येत. पुढे बँकेने एटीएम कार्ड दिले. एकदा मी त्यांच्यासोबत गेलो. पिनचे दोन आकडे दाबून होईपर्यंत वेळ संपली आणि पडदा पुन्हा पहिल्या पानावर गेला. दुसऱ्यांदाही तेच. मागून कोणीतरी म्हणाले, "चाचा, पोराला करू द्या ना." मीही तेच म्हणालो.

त्या दिवशी अब्बांनी कार्ड माझ्या हातात दिले. तेव्हापासून स्वतःच्याच पेन्शनसाठी ते मला म्हणू लागले, "बेटा, जमलं तर दोन हजार आणशील?" ते 'जमलं तर' मला आजही बोचते.

चूक वयाची, असे मी धरून चाललो होतो. इतिहास चाळला तेव्हा वेगळेच दिसले.

पैसे घेणारा माणूस खरा कोण, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्याच देशात तयार झाले. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली एका करारावर हाताचा ठसा घेतला. १८७७ मध्ये त्याने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे नोंदवायला सुरुवात केली. पेन्शनर वारल्यावर दुसऱ्याच कोणी त्याच्या नावाने पैसे उचलू नयेत, हा हेतू होता. म्हणजे या गोष्टीत म्हातारा माणूस पहिल्यापासून आहे; पण त्याची सोय म्हणून नव्हे, त्याच्यावरचा संशय म्हणून.

ठसे हजारोंनी जमले की त्यातून हवा तो शोधायचा कसा? हे कोडे सोडवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. हक गणिताचे जाणकार. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. आपल्याकडे 'अंगठाबहाद्दर' ही शिवी आहे; त्याच अंगठ्याचे शास्त्र उभारण्यात एका बंगाली मुसलमानाचा हात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरे उत्तर आकड्यांचे. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफील्ड येथे बार्कलेज बँकेचे रोख देणारे यंत्र सुरू झाले. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. गुप्त आकड्याच्या कल्पनेचे पेटंट स्कॉटिश अभियंता जेम्स गुडफेलो यांचे, १९६६ चे. पण आकडे चारच का, याची गोष्ट शेफर्ड-बॅरन सांगत असत. त्यांच्या मनात सहा आकडे होते, कारण लष्करातला स्वतःचा सहा आकडी क्रमांक त्यांना पाठ होता. पत्नी कॅरोलिन म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतील. म्हणून चार. "तू सहा पाठ कर" असे त्यांनी पत्नीला सांगितले नाही. माणूस बदलला नाही, यंत्र बदलले.

पुढेही असेच घडत गेले. बटणांच्या फोनवर आकडे कसे मांडावेत, यासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने वेगवेगळ्या मांडण्या लोकांच्या हाती देऊन पाहिल्या. वरच्या ओळीत १-२-३ असलेली मांडणी तिथून रूढ झाली आणि बहुतेक एटीएमवर तीच आली. पूर्वी अनेक यंत्रे आधी नोटा देत आणि मग कार्ड. नोटा मिळाल्या की काम संपले असे वाटून लोक कार्ड विसरून जात. लोकांना विसरभोळे म्हणत बसण्यापेक्षा क्रम उलटा केला: आधी कार्ड, मग नोटा.

मग अब्बांच्या वेळी हा शहाणपणा कुठे गेला? वय झाले की बोट हळू चालते, फिकट अक्षरे दिसत नाहीत, कोरडे बोट टचस्क्रीनला जाणवत नाही. ठसेही झिजतात. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्राने अब्बांचा अंगठा चार वेळा नाकारला. ते हसून म्हणाले, "पस्तीस वर्षं खडू धरला, ठसा कुठून राहणार?" हसले खरे, पण आपण जिवंत आहोत हे यंत्राला पटवून देताना त्यांचा चेहरा उतरला होता.

उपाय अवघड नाहीत. वेळ दुप्पट द्या. एका पडद्यावर एकच प्रश्न विचारा, अक्षरे मोठी करा. नेहमीच्या रकमेचे एक बटण ठेवा. दर चार महिन्यांनी ॲपचा चेहरा बदलू नका, कारण म्हातारा माणूस वाचून नव्हे, जागा लक्षात ठेवून बटण दाबतो. अंगठा चालला नाही तर पुढे काय, हे सांगायला एक माणूस असू द्या.

रिझर्व्ह बँकेने काही पावले टाकली आहेत. १ जुलै २०१४ पासूनच्या नव्या एटीएममध्ये बोलून सूचना देण्याची सोय आणि ब्रेल बटणे असावीत, असा आदेश आहे. नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात सत्तरीपुढच्यांना रोख रक्कम घरपोच देण्यासारख्या सेवा पुरवण्यास बँकांना सांगितले आहे. आपल्या शाखेत जाऊन हे जरूर विचारा. न विचारता सहसा कोणी सांगत नाही.

मी कार्ड अब्बांना परत दिले आहे. सकाळी गर्दी नसताना आम्ही जातो. ते यंत्रासमोर, मी त्यांच्याकडे पाठ करून दाराशी. कधी तीनदा प्रयत्न करावा लागतो. नोटा मात्र तेच मोजतात, दोनदा.