पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगचे सस्पेन्शन व त्याची घरगुती दुरुस्ती

पहिल्या पिढीची फोर्ड मस्टँग (१९६४–१९७३) ही अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीने तयार केलेली मोटार होय. चाके गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आणि रस्त्याचे धक्के शोषून घेणाऱ्या यंत्रणेला सस्पेन्शन म्हणतात. या मोटारीच्या सस्पेन्शनची रचना साधी आहे, त्यामुळे जुन्या गाड्यांचे अनेक हौशी मालक तिची दुरुस्ती घरीच करतात. परंतु अनेक दशकांचा गंज, घट्ट दाबून बसवलेले बुश आणि दबलेली स्प्रिंग यांमुळे सुटे भाग सहजासहजी निघत नाहीत व नवे सहजासहजी बसत नाहीत. भाग कोणत्या कारणाने अडला आहे, हे ओळखूनच त्यावरील उपाय ठरवावा लागतो. कारण न ओळखता केवळ जोर लावल्यास भाग मोडतो, आणि पुढच्या स्प्रिंगच्या बाबतीत जिवावर बेतू शकते.

पार्श्वभूमी

मस्टँगचे अनावरण १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात झाले. पहिल्याच वर्षात तिच्या चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. तिची मूळ बांधणी फोर्डच्याच फाल्कन या स्वस्त कौटुंबिक गाडीवर आधारलेली होती. लहान व आटोपशीर असल्यामुळे मस्टँगला काटेकोरपणे ‘पोनी कार’ म्हणतात. मात्र १९६७ मध्ये ३९० घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) आणि १९६८ मध्ये ४२८ घन इंचांचे (सुमारे ७ लिटर) इंजिन मिळाल्यानंतर तिच्या शक्तिशाली आवृत्त्यांची गणना ‘मसल कार’ या प्रकारात होऊ लागली. इंजिनाचे वजन व शक्ती वाढत गेली, तरी सस्पेन्शनची मूळ मांडणी तीच राहिली.

रचना

या गाडीला स्वतंत्र चॅसिस नाही. जोडलेल्या पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा असतो. पुढील प्रत्येक चाकाला एक वरची व एक खालची भुजा असते. अशा दोन भुजांच्या बहुतेक गाड्यांत पुढची कॉइल स्प्रिंग खालच्या भुजेवर टेकते. मस्टँगमध्ये मात्र ती वरच्या भुजेवरील बैठकीवर उभी असून तिचे वरचे टोक इंजिनाशेजारच्या उंच पत्र्याच्या मनोऱ्यात, म्हणजे शॉक टॉवरमध्ये, असते. शॉक ॲब्सॉर्बर याच स्प्रिंगच्या पोकळीतून जातो. खालची भुजा आतल्या बाजूला एकाच बोल्टवर फिरते व तिला पुढून एका तिरप्या सळईचा आधार असतो.

मागील बाजूस अखंड ॲक्सल असून तो दोन लांब पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला असतो. प्रत्येक पाट्याच्या पुढील डोळ्यात रबर व पोलादी नळी यांचा बुश दाबून बसवलेला असतो. मागचे टोक झुलत्या कडीला, म्हणजे शॅकलला, जोडलेले असते.

भाग अडण्याची कारणे

गंज : लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नळीतील बोल्ट चहूबाजूंनी आवळला जातो. पाट्याच्या पुढील डोळ्यातील बोल्ट हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. बोल्ट व आतली नळी एकजीव झाल्यावर पान्याने बोल्ट फिरतो, पण प्रत्यक्षात केवळ रबर पिळले जाते आणि बोल्ट बाहेर येत नाही.

निमुळती जोडणी : बॉल जॉइंटचा निमुळता दांडा स्टब ॲक्सलच्या तशाच निमुळत्या छिद्रात आवळलेला असतो. नट काढला तरी घर्षणामुळे ही पकड सुटत नाही.

दाबबंद जोडणी : बुशचा बाहेरील व्यास छिद्रापेक्षा किंचित मोठा ठेवलेला असतो. तो घट्ट बसणे हा दोष नसून तीच त्याची पकड असते.

स्प्रिंगचा ताण : गाडी उचलून चाक मोकळे लोंबकळत असले, तरी पुढची स्प्रिंग पूर्ण सैल होत नाही. ती वरच्या भुजेला सतत खाली रेटत राहते.

स्प्रिंगमधील ऊर्जा

दबलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, प्रत्येक मिलिमीटरला ५० न्यूटन जोर लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर तिचा रेटा ७,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ७६५ किलो वजनाएवढा होतो. तिच्यात सुमारे ५६० ज्यूल ऊर्जा साठते. ५७ किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडताना एवढीच ऊर्जा मोकळी होते. म्हणून स्प्रिंग आवळून धरल्याशिवाय वरची भुजा किंवा तिचा बॉल जॉइंट सोडू नये.

प्रथम शॉक ॲब्सॉर्बर व त्याची वरची बैठक काढतात. मग टॉवरच्या मोकळ्या तोंडातून आतून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर उतरवतात. त्याचे आकडे वेढ्यांवर नीट व सरळ बसले आहेत, याची खात्री करून तो हळूहळू आवळतात. आकडे घसरू लागल्यास काम थांबवून ते पुन्हा बसवावेत. स्प्रिंगच्या सरळ रेषेत चेहरा किंवा हात येऊ देऊ नये. गाडी केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. सपाट व कठीण जमिनीवर भक्कम स्टँडचा आधार द्यावा.

जुने भाग काढणे

एका वेळी एकाच बाजूचे काम करणे सोयीचे असते, कारण दुसरी बाजू नमुना म्हणून पाहता येते. या गाडीचे नट-बोल्ट इंचांच्या मापाचे आहेत. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. अशा नटावर १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा सैल राहून नटाचे कोपरे झिजवतो.

गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवसापासून अनेकदा सोडावे. उष्णता दिल्यास नट प्रसरण पावतो व गंजाची पकड तुटते. तथापि रबर, ब्रेकची नळी व ग्रीस यांजवळ ज्योत वापरू नये. मागील बाजूस तर ती पूर्णपणे टाळावी. १९७० पर्यंतच्या मस्टँगमध्ये इंधनाची टाकी डिकीच्या तळातच बसवलेली असून शॅकल तिच्या जवळ असतात. शिवाय पाटे तापवल्यास पोलादाचे पाणी उतरते व ते कायमचे दुबळे होतात. एकजीव झालेला बोल्ट डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी करवतीने कापून काढणे हाच त्यावरचा सुरक्षित मार्ग आहे.

बॉल जॉइंट सोडवताना, स्प्रिंग आवळून झाल्यावर, नट काही आटे सैल करून तसाच दांड्यावर ठेवतात आणि स्टब ॲक्सलच्या छिद्राभोवतीच्या जाड भागावर बाजूने हातोड्याचा नेमका ठोका देतात. ठोक्याने छिद्र क्षणभर विस्फारते व दांडा सुटतो. राहिलेल्या नटामुळे भाग उसळून बाहेर येत नाही. दुबेळकी पाचर ठोकूनही जोड सुटतो, परंतु तिने रबरी टोपी फाटते. त्यामुळे जॉइंट पुन्हा वापरायचा असल्यास ती टाळावी.

जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून तेथील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये.

नवे भाग बसवणे

बुश बसवण्यापूर्वी छिद्रातील गंज व कड घासून साफ करतात. हातोड्याने ठोकलेला बुश तिरका जातो व त्याचे कवच चेपते. त्याऐवजी लांब आट्यांची सळई, वॉशर व योग्य व्यासाची नळी यांच्या साहाय्याने तो सरळ ओढून घेतात. बुश शीतकपाटात ठेवण्याची युक्ती उपयुक्त आहे, पण तिचा परिणाम मर्यादित असतो. ४० मिलिमीटर व्यासाचे पोलादी कवच ४० अंश सेल्सिअसने थंड केल्यास केवळ ०.०२ मिलिमीटरच्या आसपास आकुंचन पावते. पहिली पकड सरळ मिळण्यास एवढी सवड पुरते. ओढून घेण्याचे काम मात्र त्यामुळे टळत नाही.

नवी कॉइल स्प्रिंग जुन्या, दबलेल्या स्प्रिंगपेक्षा उंच असते. तिचे खालचे टोक बैठकीतील अडणीला भिडले पाहिजे. अन्यथा ती फिरून बसते व गाडीची एक बाजू उंच राहते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून ते नवेच घ्यावेत.

रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची ठरते. असा बुश घासून फिरत नाही, तर रबराच्या पिळावर काम करतो. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळल्यास गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच राहते. परिणामी गाडीची उंची चुकते व नवा बुश लवकर फाटतो. म्हणून हे बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर ते माहिती-पुस्तिकेतील मूल्यानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. बॉल जॉइंटच्या नटात नवी कॉटर पिन घालावी. तिचे छिद्र जुळत नसल्यास नट सैल न करता किंचित पुढे आवळावा.

शेल्बी बदल

फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांच्या अभ्यासानुसार वरच्या भुजेची जोडणी सुमारे एक इंच खाली घेतल्यास वळणावर पुढील चाकांची पकड सुधारते. हा बदल १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये करण्यात आला. आजही अनेक मालक शॉक टॉवरमध्ये नवी छिद्रे पाडून तो घरी करतात. ही छिद्रे काही मिलिमीटरने चुकली तरी दोन्ही चाकांचे कोन वेगवेगळे होतात. तसेच मूळ स्वरूपातील गाडी जपायची असल्यास हा बदल अपायकारक ठरतो.

घरगुती कामाच्या मर्यादा

काम उघडल्यावर शॉक टॉवरला तडे, कुजलेला पत्रा किंवा वाकलेली बैठक आढळल्यास नवे भाग बसवून उपयोग होत नाही. आधी सांगाड्याची दुरुस्ती कुशल कारागिराकडून करून घ्यावी लागते. वरची भुजा काढल्यास चाकांचे कोनही बदलतात. १९६५–६६ च्या गाड्यांत भुजा व टॉवर यांच्यामधील पातळ पट्ट्यांनी ते जुळवले जातात. त्या पट्ट्यांची संख्या व जागा काढतानाच नोंदवून ठेवावी. त्या जशाच्या तशा बसवल्या तरी अंतिम जुळणी यंत्रावरच करावी. थोडे अंतर गाडी चालवल्यानंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा तपासणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

फोर्ड मस्टँग
मसल कार
कॅरोल शेल्बी
हूकचा नियम