घरच्या घरी गाडीला मशीन पॉलिश: चमक कशी येते, रंग किती जातो आणि योग्य पद्धत कोणती?

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची गाडी दुपारच्या उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसू लागतात. गाडी स्वच्छ धुतलेली असते, तरी रंग मात्र भुरकट वाटतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर अनेकजण यावर उपाय म्हणून गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतात. आता घरगुती वापराची पॉलिशिंग मशीन ऑनलाइन सहज मिळू लागल्याने हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करणाऱ्यांची संख्याही वाढते आहे.

हे काम घरी करता येतं. पण मशीनचं बटण दाबण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेणं गरजेचं आहे. पॉलिश गाडीवर काही चढवत नाही, ते रंगाचा वरचा थर किंचित घासून काढतं. आणि हा थर पुन्हा भरून येत नाही.

गाडीच्या रंगात किती थर असतात?

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक याच थरामुळे दिसते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे घटकही यातच मिसळलेले असतात. हा थर फार पातळ झाला की काही वर्षांत रंग फिका पडतो, छतावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतात. त्यानंतर तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय पर्याय उरत नाही.

हलक्या पॉलिशमध्ये साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी थर जातो. जाडसर कंपाउंड वापरलं तर त्याच्या काही पट. समजा, ४० मायक्रॉनच्या थरातून दर दिवाळीला रबिंगमध्ये ३ मायक्रॉन गेले, तर पाच वर्षांत १५ मायक्रॉन संपतात. जुनी गाडी विकत घेणारे अनेकजण हल्ली रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावून बघतात. घासून पातळ झालेला किंवा पुन्हा रंगवलेला भाग त्यात लगेच लक्षात येतो.

जाळीसारखे ओरखडे येतात कुठून?

यातले बहुतेक ओरखडे गाडी पुसताना पडतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं की हेच कण रंगावर घासले जातात. एका बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जात असतील, तर पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीवर घासली जाते.

गाडी पुसणाऱ्या दादांना स्वतःचं मायक्रोफायबर फडकं देणं आणि आधी पाणी मारून मगच पुसायला सांगणं, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ही सवय बदलली नाही, तर पॉलिश केल्यावर काही आठवड्यांत जाळी पुन्हा दिसू लागते.

बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा आणि बांधकामाजवळची सिमेंटची धूळ हीदेखील रंग खराब होण्याची कारणं आहेत.

कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स यांत फरक काय?

बाजारात हे तीनही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांची कामं मात्र वेगळी आहेत.

• कंपाउंड: यातले अपघर्षक कण जाडसर असतात. ठळक ओरखडे आणि जुने डाग काढण्यासाठी वापरतात. रंगाचा थर सर्वांत जास्त यातच जातो.
• पॉलिश: कण बारीक असतात. हलकी जाळी काढून चकाकी आणण्यासाठी.
• वॅक्स: यात सहसा अपघर्षक कण नसतात. ते पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर चढवतं, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने ओघळतं आणि घाण चटकन चिकटत नाही. ओरखडे मात्र यामुळे जात नाहीत.

काही उत्पादनांमध्ये ओरखडे तात्पुरते भरून काढणारे तेलकट घटक असतात. त्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते आणि तीन-चार वेळा धुतल्यावर रेषा परत दिसतात. काम खरंच झालं आहे का, हे पाहण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल भरपूर पाण्यात मिसळून त्या जागी पुसून बघतात. तेलकट थर निघून जातो आणि खरी स्थिती समोर येते.

कोणतं मशीन निवडावं?

घरी पहिल्यांदा काम करणाऱ्यासाठी ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजेच ‘डीए’ पॉलिशर सुरक्षित मानलं जातं. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी लहान वर्तुळातही हलतं. जास्त दाब पडला की पॅडचं फिरणं थांबतं. त्यामुळे एकाच जागी उष्णता साचून रंग जळण्याचा धोका कमी होतो.

रोटरी मशीनमध्ये पॅड एकाच अक्षावर जोराने फिरत राहतं. ते ओरखडे लवकर काढतं, पण सराव नसलेल्या हातात काही सेकंदांत क्लिअर कोट पार होऊ शकतो. चुकीच्या हाताळणीने उन्हात दिसणाऱ्या लाटांसारख्या खुणाही राहतात.

घरातल्या अँगल ग्राइंडरला पॅड लावून काम भागवण्याचा मोह टाळायला हवा. पॉलिशिंगसाठी बनवलेली रोटरी मशीन साधारण मिनिटाला ६०० ते ३,००० फेऱ्यांवर चालते. छोट्या ग्राइंडरचा वेग ११,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. तो वेग लोखंड कापण्यासाठी आहे.

मशीनसोबत पाच ते सहा इंचांची किमान तीन-चार फोमची पॅड, पॉलिशची बाटली, चांगली सात-आठ मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेप आणि एक प्रखर टॉर्च लागते. एकाच पॅडवर अख्खी गाडी होत नाही. पॅड पॉलिशने आणि घासल्या गेलेल्या रंगाने भरून जातं.

मशीन लावण्याआधी काय करावं?

कामाचा निम्मा वेळ तयारीतच जातो आणि तो तसा जायलाच हवा.

१. धुणं: आधी नुसतं पाणी मारून धूळ काढावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी हातमोजा किंवा स्पंज खळबळून घेण्यासाठी. वरून खाली धुवत यावं.

२. क्ले बार: धुतल्यानंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवावीत. खरखर लागली तर रंगात लोखंडाचे कण, डांबर किंवा झाडाचा चीक रुतलेला आहे. भरपूर वंगण फवारून क्ले बार हलक्या हाताने फिरवला की हे कण निघतात. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यावा, त्यात वाळू चिकटलेली असते.

३. टेप लावणं: काळं प्लास्टिक, रबरी पट्ट्या, लोगो आणि पत्र्याच्या कडा टेपने झाकाव्यात. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, त्यामुळे तिथे तो लवकर जातो.

४. जागा: काम सावलीत करावं. बॉनेटला हात लावल्यावर तो थंड लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश चटकन सुकतं आणि पुसताना नवे ओरखडे पडतात.

सुरक्षेचाही विचार हवा. मशीन विजेवर चालतं, म्हणून फरशी कोरडी असावी. वायर खांद्यावरून मागे टाकावी, म्हणजे ती पॅडमध्ये अडकत नाही आणि रंगालाही घासत नाही. चष्मा आणि मास्क वापरावा. ओढणी, सैल बाह्या, अंगठी आणि घड्याळ दूर ठेवावं.

पॉलिश कसं करायचं?

सुरुवात संपूर्ण गाडीवर न करता एका छोट्या चौकोनावर करावी. सर्वांत बारीक पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड आधी वापरून पाहावं. तेवढ्याने समाधानकारक फरक पडत असेल तर जाडसर कंपाउंडला हात लावायची गरज नाही. फरक पडला नाही, तरच एक पायरी वर जावं.

• पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्यावेत.
• साधारण दोन फूट बाय दोन फूट एवढा भाग ठरवावा. पॅड रंगावर टेकवूनच मशीन सुरू करावं, नाहीतर पॉलिश भिंतीवर आणि अंगावर उडतं.
• कमी वेगावर पॉलिश पसरून घ्यावं, मग मशीनच्या सहा आकड्यांपैकी चार किंवा पाचवर यावं.
• हात सावकाश चालवावा, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.
• आधी आडवे, मग उभे पट्टे घ्यावेत. असे चार ते सहा हात पुरेसे होतात.
• पॅड सपाट ठेवावं. मशीनच्या वजनावर थोडासाच दाब द्यावा.
• बंद करतानाही पॅड रंगावरच असावं. ते थांबल्यावर उचलून फडक्याने पुसावं आणि टॉर्चच्या प्रकाशात तपासावं.

एक सोपी युक्ती उपयोगी पडते. पॅड ज्या चकतीवर चिकटतं, तिच्या कडेला मार्करने एक रेघ ओढावी. काम करताना रेघ फिरताना दिसली तर पॅड बरोबर फिरतं आहे. रेघ जागच्या जागी थरथरत राहिली तर दाब जास्त पडतो आहे किंवा पॅड तिरपं झालं आहे.

प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करावं. बंपरवर विशेष काळजी घ्यावी. तो प्लास्टिकचा असल्याने उष्णता पसरत नाही आणि रंग लवकर तापतो. हाताला गरम लागलं की थांबावं.

कुठे थांबायचं?

ओरखड्यावरून हलकेच नख फिरवून बघावं. नख अडकत असेल तर तो ओरखडा पॉलिशने सुरक्षितपणे जाण्याइतका वरवरचा नाही. तो पूर्ण घालवण्याच्या नादात आजूबाजूचा क्लिअर कोट संपतो. असा ओरखडा थोडा पुसट करून सोडून देणं शहाणपणाचं.

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश अजिबात करू नये, तिथे चकचकीत चट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. नुकताच रंगवलेला भाग असेल तर वॅक्स लावण्याआधी रंग पूर्ण सुकेपर्यंत, साधारण एक ते तीन महिने थांबावं लागतं. नेमका काळ रंगकाम करणाऱ्याकडून विचारून घ्यावा. क्लिअर कोट रूढ होण्याआधीच्या जुन्या गाड्यांवर पॅडला गाडीचाच रंग लागतो, कारण तिथे थेट रंगच घासला जातो. आधुनिक गाडीवर पॅडला रंग लागला, तर मात्र क्लिअर कोट संपला आहे, असं समजून लगेच थांबावं.

वॅक्स कधी आणि किती?

पॉलिश झाल्यावर रंग उघडा असतो, म्हणून त्याच दिवशी वॅक्स लावणं चांगलं. पारंपरिक वॅक्समधला मुख्य घटक कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरून हे मेण मिळतं. याशिवाय कृत्रिम पॉलिमरचे सीलंट मिळतात, ते सहसा जास्त टिकतात.

वॅक्स मशीनने लावायचं असेल तर सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत कमी वेग पुरतो. एका गाडीसाठी हातानेही तेवढंच चांगलं काम होतं. थर अगदी पातळ हवा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसायला मात्र घाम निघतो. वॅक्स धूसर झाल्यावर बोट फिरवून पाहावं. बोटाखाली स्वच्छ चकाकी दिसली की पुसून घ्यावं. काळ्या प्लास्टिकवर वॅक्स लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

कार्नौबा वॅक्स साधारण दोन-तीन महिने टिकतं, रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर त्याहून कमी. पावसाळ्याच्या आधी आणि पाऊस संपल्यावर एकेक हात दिला तर जड पाण्याचे डाग आणि विष्ठा काढणं सोपं जातं. मात्र वॅक्स लावलेलं असलं तरी विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढावी.

मग मशीन पॉलिश किती वर्षांनी?

यासाठी कॅलेंडरवर तारीख ठरवण्याची गरज नाही. नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला हलक्या पॉलिशनंतर पुढची दोन-तीन वर्षं मशीनची गरज पडू नये. मधल्या काळात वॅक्स आणि स्वच्छ फडकं पुरतं.

दसऱ्याच्या पूजेनंतर बॉनेटवर वाळलेलं हळद-कुंकू कोरड्या फडक्याने घासू नये. आधी पाण्याने भिजवून वाहू द्यावं. झेंडूच्या माळेला तार असेल तर ती रंगाला टेकणार नाही, हे बघावं. गाडी सुरू करण्याआधी धुळीवर झटकन फडकं मारण्याची सवय तेवढी सोडली, तरी पुढच्या दिवाळीला रबिंगचा खर्च वाचू शकतो.