हवाई छत्री आणि वैमानिकाचे प्राण

अंधेरी-पार्ल्याच्या पश्चिमेस जुहूचा विमानतळ १९२८ सालीं सुरू झाला. तेव्हां मुंबई इलाख्यांतच असलेल्या कराचीच्या ड्रिघ रोडवरून १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन निघाले व अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, ही हकीकत उपनगरांत पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच ड्रिघ रोडची दुसरी हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. १ एप्रिल १९३३ रोजीं हिंदी हवाई दलाचें पहिलें पथक तेथें उभें राहिलें. विमानें चार, हिंदी वैमानिक पांच. वर्ष सरण्यापूर्वींच त्यांपैकीं भूपेंद्रसिंग व अमरजितसिंग हे विमान-अपघातांत मरण पावले. युद्ध नव्हतें, शत्रु नव्हता. तरी पांचांतले दोन गेले.

अशा प्रसंगीं हवाई छत्रीची आठवण होणें साहजिक आहे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यांतील फुग्यांवरच्या टेहळ्यांस छत्र्या मिळत. विमानांतील वैमानिकांस त्या मिळत नसत. वजनाची व जागेची अडचण सांगितली जाई. छत्री पाठीशीं असली तर वैमानिक विमान लवकर सोडील, अशीही शंका कांहीं वरिष्ठांस होती. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्यें फ्रान्समध्यें लढतांना पडले, ते छत्रीवांचूनच. त्याच उन्हाळ्यांत जर्मन वैमानिक मात्र छत्र्या वापरूं लागले होते.

खरा पेंच दोरीचा होता. टेहळ्याची छत्री दोरीनें फुग्यास जोडलेली असे. त्यानें उडी घेतली कीं ती ओढली जाऊन उघडे. गरगरत कोसळणाऱ्या विमानांत हीच दोरी गुंतण्याचें भय. २८ एप्रिल १९१९ रोजीं अमेरिकेंत लेस्ली अर्विन यांनीं विमानांतून उडी घेतली, विमानापासून दूर गेल्यावर स्वतःच्या हातानें कळ ओढून छत्री उघडली, आणि तो पेंच सुटला. तरीही ब्रिटिश हवाई दलांत छत्रीनें पहिला अधिकारी, एरिक पेंटलंड, वांचला तो जून १९२६ मध्यें.

अर्थात् छत्री उघडण्यास उंची लागते. उडतांना वा उतरतांना जमिनीलगत जें विमान कोसळतें, त्यांतील माणसास ती वांचवूं शकत नाहीं. तेथें शिक्षण आणि यंत्राची निगा हाच आधार. परंतु जेथें उंची होती, तेथेंही छत्री नाकारली गेली, हें आम्हांस अधिक खेदाचें वाटतें. विमान पुन्हां बांधतां येतें, शिकलेला वैमानिक नाहीं. एवढी साधी गोष्ट वरिष्ठांस पटेपर्यंत युद्ध संपून गेलें होतें.