विष बेडकाचे की रानाचे?

‘फायलोबॅटिस टेरिबिलिस’ या सोनेरी बेडकाचा उल्लेख जगातला सर्वांत विषारी बेडूक म्हणून होतो. नाग जसे विष स्वतःच्या ग्रंथीत बनवतो, तसे हाही बनवत असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. मला हे मान्य नाही. या समजुतीने नुकसानही होते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या पर्जन्यवनात, साइहा नदीच्या परिसरात हा जेमतेम पाच सेंटिमीटरचा जीव राहतो. तिथल्या एंबेरा जमातीचे शिकारी फुंकनळीच्या बाणांची टोके त्याच्या पाठीवर घासत, त्याला मारावेही लागत नसे. १९७८ साली मायर्स, डेली आणि मॅल्किन यांनी या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे रानातून आणलेले बेडूक प्रयोगशाळेत साध्या खाद्यावर वर्षानुवर्षे जगले, तरी त्यांचे विष पुरते ओसरले नाही. ते आहारातून येत असते, तर आटायला नको होते का?

उत्तर पुढच्या पिढीने दिले. बंदिवासात जन्मून वाढलेल्या बेडकांत हे विष, म्हणजे बॅट्राकोटॉक्सिन, सापडलेच नाही. वंश तोच, मग कमी पडले ते रानातले खाद्य. थोरल्यांच्या कातडीत उरली होती ती जुनी साठवण.

दुसरा पुरावा थेट न्यू गिनीतला. तिथल्या पिटोहुई पक्ष्याच्या पिसांत आणि कातडीत याच कुळातले विष असल्याचे संशोधक डंबाकर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले. २००४ साली ते तिथल्या चिमुकल्या भुंगेऱ्यांत मिळाले, आणि हे भुंगेरे पक्ष्याच्या पोटातही आढळले. कोलंबियातला नेमका कीटक अजून हाती लागलेला नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण उगम न सापडल्याने बेडूकच उगम ठरत नाही. विषाविना वाढलेल्या पिलांचा उलगडा पूर्वपक्षाला करता येत नाही.

बेडकाचे कर्तृत्व यामुळे उणावत नाही. हे विष मज्जातंतू आणि स्नायूंतले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते आणि हृदय बंद पाडते. ते अंगावर बाळगून जगणे ही त्याची स्वतःचीच करामत आहे, आणि मला ती विष बनवण्याहून अधिक थक्क करते.

म्हणूनच जंगल तुटत असताना ‘काचपेटीत पैदास होते आहे, जात वाचेल’ हा दिलासा मला पोकळ वाटतो. पेटीत रंग टिकतो, विष टिकत नाही. तिथला बेडूक पुन्हा विषारी व्हायचा, तर त्याला त्याच्या रानातले कीटकच खायला मिळाले पाहिजेत.