बिनधुराची भट्टी

चला, पायात चपला सरकवा. जानेवारी १९८७. सोलापूर, शुक्रवार पेठ, भोगीची सकाळ.

गल्लीत पाऊल टाकताच खांद्याला खांदा घासतो. बाराबंदी घातलेली माणसं घाईघाईनं सिद्धेश्वराच्या देवळाकडं निघालीत. मराठी, कन्नड आणि तेलुगू कानावर एकदमच आदळतायत. कुठल्याशा घरातून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा खमंग वास, त्यात पायाखाली चेचलेल्या बोरांचा आंबूस दर्प. कडेला पोत्यावर सुगडं मांडलीत. एक उचला, टिचकी मारा. टण्ण वाजलं तर पक्कं भाजलेलं. भद्द वाजलं तर ठेवा खाली.

"घ्यायचं तर घ्या, वाजवत काय बसलाव?" विकणारी कुंभारीण मावशी खेकसते.

नाकाशी न्या ते. धूर, राख, माती. आव्यात गोवऱ्या आणि लाकूडफाटा जळत राहिला, मग आवा आपसूक निवू दिला, तेव्हा कुठं हे हाती आलं. घाईनं उघडला असता तर निम्मी तडकली असती. आज सिद्धेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडायच्यात, त्यामुळं मावशीचा तोरा जरा सोसा.

आता सुगड पिशवीत घाला आणि दुसरी एक भट्टी बघायला आणखी काही महिने मागं या, थेट पुणे विद्यापीठात. एसटीचे धक्के तुम्हाला माफ.

भौतिकशास्त्र विभागातली ही खोली कोंदट आहे. पायाखाली वायरी आहेत, जपून. नाकात अ‍ॅसिटोन चढतंय. हा गॉगल लावा. नको कसला? लावा! कपॅसिटर भरताना बारीक गुणगुण ऐकू येते, ती चढत जाते, आणि फट्! तुम्ही दचकलात. सगळेच पहिल्यांदा दचकतात.

हा माणिक लेसर. माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि चिमूटभर क्रोमियम, म्हणजे यंत्राचं काळीजसुद्धा तुमच्या सुगडासारखं सिरॅमिकच्याच घराण्यातलं! समोर पाण्यात बुडालेलं लोखंड. लाल झोत त्यावर पडला तो सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही कमी वेळ. तेवढ्यात लोखंडाचा वरचा पापुद्रा वितळला, त्यानं पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतला आणि जागीच थिजला. शेकायला हात पुढं कराल तर फसाल. धूर नाही, राख नाही, पाणीही गारच.

कुंभार निवण्याची वाट बघतो. इथं सगळी करामत निवायला सवड न देण्यात आहे. लोखंडाची काही ऑक्साइडं तापलेली असतानाच टिकतात, सावकाश निवली की मोडून दुसरंच रूप घेतात. हा पापुद्रा इतक्या झटक्यात गोठतो की मोडायचंच राहून जातं.

काय तयार झालं ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी गॅमा किरणांनी लोखंडाचे अणू तपासणारा मोसबाउर वर्णपट घ्यायचा, आणि ती मोजणी रेंगाळते. क्षणाचं काम आणि तपासणी न संपणारी, चहा मागवा.

पाटील, घैसास, कानेटकर, ओगले, भिडे आणि सहकाऱ्यांचा यावरचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला, तो त्याच जानेवारी १९८७ मध्ये. द्रवात बुडालेल्या पदार्थावर लेसर मारून नवे पदार्थ घडवण्याचा इतिहास लिहिणारे संशोधक आजही सुरुवातीच्या प्रयोगांत या पुण्याच्या प्रयोगाचा दाखला देतात.