बुटांच्या खोलीतली माणसं

आमच्या शाळेतल्या पोरांना लिव्हरपूल हे नाव भूगोलाच्या पुस्तकामुळे ठाऊक नाही, मोहम्मद सलाहमुळे ठाऊक आहे. मराठवाड्यातली उर्दू माध्यमाची शाळा. मैदान म्हणजे एका कडेला बाभळी आणि दुसऱ्या कडेला पाण्याची टाकी. पण मधल्या सुट्टीत पाहावं तर निम्म्या पोरांच्या अंगात लाल जर्सी आणि पाठीवर अकरा नंबर. एकदा ऑफ तासाला मी सातवीवर गेलो होतो. मराठीचा धडा काढायची कुणाचीच इच्छा नव्हती, खरं सांगायचं तर माझीही नव्हती. मग फुटबॉलच्या गप्पा निघाल्या. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, सलाह को तो सब जानते. मगर वो पीछे बेंच पे जो बुड्ढे बैठते ना कापियां लेके, उनो क्या करते?"

मी म्हटलं, "उनो उस्ताद हैं."

"इत्ते सारे? फिर टीव्ही पे एकच उस्ताद का नाम क्यों आता?"

त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाला हा प्रश्न जरा लागतोच. शाळेच्या निकालाच्या बातमीत मुख्याध्यापकांचा फोटो येतो, बाकीचे आम्ही "शिक्षकवृंद" या एका शब्दात बसतो. घरी येऊन वाचायला बसलो. जे हाती लागलं ते त्या पोराला थोडक्यात सांगितलं, इथे जरा सविस्तर सांगतो.

डिसेंबर 1959. लिव्हरपूल क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत अडकलेला होता. 1954 साली खाली घसरला तो वर यायलाच तयार नव्हता. त्या महिन्यात बिल शँकली नावाचा स्कॉटलंडच्या खाणवस्तीतला माणूस मॅनेजर म्हणून आला. नवा साहेब आला की काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तो आपली माणसं आणतो आणि जुनी माणसं बदलीची वाट बघतात. फुटबॉलमध्ये तर हा रिवाजच आहे. मॅनेजर गेला की त्याच्या मागे प्रशिक्षक, मालिशवाले, सगळे जातात.

शँकलींनी तसं केलं नाही. बॉब पेस्ली, जो फॅगन आणि रूबेन बेनेट हे तिघे आधीपासून तिथे प्रशिक्षक होते. त्यांना बोलावून त्यांनी एकच अट घातली, ती साधारण अशी: तुम्ही माझ्याशी आणि एकमेकांशी इमान राखा. माझ्याकडे कुणी कुणाची चहाडी आणायची नाही. जो आणेल, तोच घरी जाईल.

हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. मी ज्या ज्या स्टाफरूममध्ये बसलो आहे, त्यातल्या एकीत तरी पहिल्या दिवशी कुणी असं म्हटलं असतं तर पुढची काही वर्षं वेगळी गेली असती. असो.

शँकलींचा पहिलाच सामना कार्डिफकडून 4-0 असा हरला, तोही घरच्या मैदानावर. तरी तीच माणसं राहिली. 1962 साली संघ वरच्या श्रेणीत आला, 1964 साली इंग्लंडचा लीग विजेता झाला, 1966 साली पुन्हा झाला. त्या दुसऱ्या विजेतेपदाच्या हंगामात 42 सामने खेळायला त्यांना फक्त 14 खेळाडू लागले. आजच्या माणसाचा यावर विश्वास बसणार नाही.

हे कसं जमलं, याचं थोडं उत्तर एका खोलीत आहे. अॅनफिल्ड मैदानावर खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या जागेजवळ एक कोंदट, लहानशी खोली होती. भिंतीला बूट टांगलेले, म्हणून तिचं नाव 'बूट रूम'. ती आधी नुसती सामानाची खोली होती, तिला बैठकीचं रूप दिलं जो फॅगन यांनी. शहरातल्या गिनेस कंपनीच्या हौशी संघाला ते मदत करत, त्याबदल्यात तिकडून बियरची खोकी येत. ती खोकी उपडी घालून त्यावर ही मंडळी बसायची. आपल्याकडे तिथे चहाची किटली असती, एवढाच फरक. रविवारी सकाळी, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, तिथे चर्चा चाले. कोण दमला, कोण लंगडतोय पण लपवतोय, कुणाला घरी काही अडचण आहे. शँकली स्वतः त्या खोलीत फारसे बसत नसत. मला हे फार समजूतदारपणाचं वाटतं. साहेब दाराशी आला की स्टाफरूममधलं बोलणं बदलतं, हे त्यांना ठाऊक असावं.

सामना संपला की पाहुण्या संघाच्या मॅनेजरलाही तिथे आदराने बोलावत. एक बाटली, दोन गोड शब्द. तो बिचारा मोकळा होऊन बोलायचा आणि त्याच्या संघातला कुठला पोरगा चांगला आहे, कुणाशी त्याचं पटत नाही, हे सगळं आपसूक या चौघांच्या कानावर पडायचं. पाहुणचारही झाला आणि कामही झालं.

त्या माणसांकडे जरा जवळून बघा. पेस्ली डरहम परगण्यातल्या खाणकामगारांच्या वस्तीतले. 1939 साली लिव्हरपूलला आले आणि लगेच महायुद्धात तोफखान्यात गेले, उत्तर आफ्रिका, मग इटली. परत येऊन खेळले. 1950 साली एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला आणि अंतिम सामन्यात त्यांनाच संघातून वगळलं. पुढे मॅनेजर म्हणून कुणाला वगळायची वेळ आली तेव्हा समोरच्या माणसाला काय वाटतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. खेळणं संपल्यावर टपालाने अभ्यासक्रम करून ते शरीरोपचार शिकले. नुसती चाल बघून कुणाला कुठे दुखतंय ते ओळखायचे, असं खेळाडू सांगत. बेनेट जुने गोलरक्षक, कडक स्कॉटिश गडी, दुखणं हा शब्दच न मानणारे. फॅगन लिव्हरपूलचेच, सगळ्यांत मऊ बोलणारे. पण ते गप्प झाले की पोरं घाबरत.

पुढे रॉनी मोरन आले. ते याच क्लबचे जुने खेळाडू, साडेतीनशेहून जास्त सामने खेळलेले. ओरडायचं खातं त्यांच्याकडे. खेळाडू सांगतात की लीग जिंकल्यावर पदकांचा गाजावाजा नसे. नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मोरन खोक्यात पदकं घेऊन यायचे, ज्याचं त्याने घ्या म्हणायचे आणि लगेच सांगायचे की यंदा तुम्ही अजून काहीच जिंकलेलं नाही. रॉय इव्हान्स तर पंचविशीतच खेळणं सोडून राखीव संघाचे प्रशिक्षक झाले. मोठा खेळाडू होणार नाही, पण शिकवू शकेल, हे त्या खोलीने हेरलं होतं.

आणि टॉम सॉन्डर्स. या नावाशी मी जरा जास्त रेंगाळलो, कारण हा माणूस मूळचा हेडमास्तर. शाळकरी पोरांचे संघ घडवता घडवता क्लबमध्ये आला, तरुण खेळाडूंचं काम सांभाळू लागला. युरोपातल्या सामन्यांआधी प्रतिस्पर्धी कसा खेळतो ते पाहून यायचं कामही त्याच्याकडे असे. आपल्याकडचे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हेही शाळामास्तरच. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला आणि भारताने त्यांच्या हाताखाली 1951 आणि 1962 साली आशियाई सुवर्णपदक जिंकलं. 1963 साली कर्करोगाने ते गेले. त्यानंतर ते पदक भारताकडे पुन्हा आलेलं नाही. कारणं पुष्कळ असतील. मला मात्र राहून राहून वाटतं की त्यांच्या शेजारी वही घेऊन कोण बसलं होतं?

कारण लिव्हरपूलच्या त्या खोलीत वह्या होत्या. रोजच्या सरावाची नोंद होत असे: आज हवा कशी, मैदान ओलं की टणक, काय खेळवलं, किती वेळ, कुणाला दुखापत झाली, त्याआधीच्या आठवड्यात त्याने काय केलं होतं. एखाद्या हंगामात गाडी अडली की जुनी वही काढायची आणि तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात आपण काय करत होतो ते बघायचं. आम्ही शिक्षक टाचण वही लिहितो, पण तपासणीसाठी. सही झाली की वही कपाटात. मी नोकरीला लागलो तेव्हा निवृत्त होणाऱ्या एका सरांनी मला त्यांची जुनी टाचण वही दिली होती. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'इथे मुलं अडखळतात, आधी उर्दूत सांगा.' बी.एड.ला मला जे मिळालं त्यापेक्षा त्या समासांतून जास्त मिळालं. पुढे खोली रिकामी करायची म्हणून ते कपाटच एका सुट्टीत रद्दीत गेलं. त्यात तीस-पस्तीस वर्षांच्या वह्या होत्या. विचारलं कुणालाच नाही.

या खोलीची खरी कसोटी 1973 साली लागली. युरोपियन कपमध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार संघाने लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत 2-1 असं हरवलं. हार मोठी नव्हती, पण त्या खोलीतल्या लोकांना कळलं की यांचे बचावपटूसुद्धा चेंडू खेळवतात, आपले नुसते लांब भिरकावतात. मग बचावात चेंडू हाताळणारी माणसं आणायचं ठरलं. फिल थॉम्पसनसारखा सडपातळ पोरगा मध्यभागी आला. चौदा वर्षं जिंकण्याची सवय लागलेल्या माणसांनी आपली रीत चुकतेय हे कबूल करणं सोपं नसतं.

1974 च्या जुलैत शँकली अचानक निवृत्त झाले आणि पेस्लींना जागा दिली गेली. त्यांना ती नको होती, खेळाडूंना त्यांनी तसं सांगितलंही. गंमत म्हणजे निवृत्त शँकली रोज सरावाला यायला लागले. पोरं त्यांनाच 'बॉस' म्हणत. सगळ्यांना अवघड झालं. निवृत्तीनंतरही रोज दहा वाजता शाळेत येऊन बसणारे एक तरी सर प्रत्येक गावात असतात. त्यांना येऊ नका कसं म्हणायचं? शँकलींना ते कधीतरी कळलं आणि ते दुखावले.

नको म्हणणाऱ्या पेस्लींनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. पहिला 1977 साली रोममध्ये. त्या शहरात ते याआधी 1944 साली सैन्याबरोबर शिरले होते. त्यांच्यानंतर 1983 साली, बासष्टाव्या वर्षी, फॅगन. पहिल्याच हंगामात तीन मोठ्या ट्रॉफी. मॅनेजर बदलला, पण खोलीतला माणूसच पुढच्या खुर्चीवर सरकला, बाकी सगळं तेच.

इथवर गोष्ट गोड आहे. त्या पोराला मी इथेच थांबवून सांगितली असती तर ते खोटं झालं असतं.

29 मे 1985, ब्रुसेल्सचं हेजल स्टेडियम. सामन्याआधी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी चाल केली, भिंत कोसळली, 39 माणसं गेली, बहुतेक इटालियन. फॅगन यांचा तो शेवटचा सामना आधीच ठरलेला होता. विमानातून उतरताना सहकाऱ्याच्या आधाराने चालणारे, रडणारे फॅगन हा त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा फोटो. चार वर्षांनी हिल्सबरो. गर्दीत चिरडून लिव्हरपूलची माणसं मेली, अंतिम आकडा 97. तेव्हाचे मॅनेजर केनी डॅल्ग्लिश अंत्ययात्रांमागून अंत्ययात्रांना गेले आणि फेब्रुवारी 1991 मध्ये थकून राजीनामा देऊन मोकळे झाले. अशा दुःखाची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे कुठल्याच वहीत नसतं.

आणखी एक. ती खोली बंद होती. आत येणारे सगळे एकाच साच्यातले: गोरे, पुरुष, कष्टकरी वस्तीतले, याच क्लबचे किंवा याच्या ओळखीचे. क्लबकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू हॉवर्ड गेल हा त्याच शहरातला पोरगा. 1981 साली म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध त्याने बदली म्हणून येऊन समोरच्या बचावाला हैराण केलं आणि मग त्यालाही बाहेर बोलावलं गेलं. ड्रेसिंगरूममधल्या वर्णद्वेषी थट्टेबद्दल त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. चालीवरून दुखापत ओळखणारी माणसं त्या खोलीत होती, पण ही दुखापत त्यांना दिसली नाही, किंवा दिसली तरी तिला त्यांनी दुखापत म्हटलं नाही. आपल्या नावावरून, भाषेवरून थट्टा झालेली पोरं मी रोज बघतो. 'गंमत केली सर' हे उत्तरही रोज ऐकतो. त्यामुळे त्या खोलीची कितीही तारीफ वाटली तरी हे मला बाजूला ठेवता येत नाही.

1993 साली ती खोली पाडली. पत्रकारांसाठी जागा हवी होती. तेव्हाचे मॅनेजर ग्रॅम सूनेस यांच्या माथी हे फोडलं जातं. त्यांनी नंतर सांगितलं की निर्णय आपला नव्हता. खोली पाडली म्हणून संघ बुडाला असं म्हणणं मला भाबडं वाटतं. पैसा बदलला होता, आहार आणि विज्ञान बदललं होतं, इतर क्लब पुढे गेले होते. 1990 नंतरची लीग यायला 2020 उजाडलं, हे मात्र खरं. मोरन 1998 साली निवृत्त झाले, शाळकरी पोरगा म्हणून आले त्याला 49 वर्षं झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅनेजर झालेले इव्हान्सही गेले. त्या खोलीत वाढलेला शेवटचा मॅनेजर तोच.

पोराने हे सगळं शांतपणे ऐकलं. आकड्यांत त्याला रस नव्हता.

"सर, और वो कापियां? रद्दी में गयीं?"

म्हटलं, सगळ्यांचं माहीत नाही. पण फॅगन यांच्या नोंदी घरच्यांनी जपल्या, आणि त्यांच्या नातवाने त्यांचा आधार घेऊन आजोबांचं चरित्र लिहिण्यात हात दिला.

"नातवाने?" तो चक्क मराठीत म्हणाला, आणि खाली बसला.